‘आहे’ आणि ‘असतो’ : इंग्रजीतील दोन वर्तमानकाळ

प्राथमिक शाळांतील इंग्रजीच्या वह्या तपासताना काही चुका इतक्या नियमितपणे समोर येतात की, त्या चुका नसून मुलांनी आपापसांत ठरवलेला एखादा नियमच असावा असे वाटू लागते. ‘मला उत्तर माहीत आहे’ हे सांगावयाचे असता मूल ‘आय ॲम नोइंग द आन्सर’ असे लिहिते. ‘माझे वडील रोज शेतावर जात असतात’ याचे ‘माय फादर इज गोइंग टु द फील्ड एव्हरी डे’ असे करते. आणि ‘मी खेळतो’ याचे ‘आय ॲम प्ले’. गुरुजी लाल शाईची रेघ ओढतात, वर बरोबर रूप लिहितात, आणि पुढच्या आठवड्यात तीच रेघ त्याच जागी पुन्हा ओढावी लागते. कारण रेघेवरून चुकले एवढे कळते, का चुकले ते कळत नाही. असे पाच-सहा वेळा झाले की मूल इंग्रजीच्या तासाला तोंड उघडणेच सोडून देते. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते. तेव्हा ही गप्प बसण्याची सवय आता सहाव्या-सातव्या वर्षीही जडू शकते. म्हणून साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ या दोहोंतील निवड मुलांस कशी समजावून द्यावी, याचा थोडा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे. (या लेखात इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.)

बहुतेक वर्गांत सांगितला जाणारा नियम असा : मराठी क्रियापद ‘जातो, येते, करतात’ असे असेल तर साधा वर्तमानकाळ वापरावा; ‘जात आहे, येत आहे, करत आहेत’ असे असेल तर चालू वर्तमानकाळ वापरावा. भाषांतरपद्धतीने इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांपासून हे समीकरण चालत आले आहे आणि ते सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु त्यात एक मोठी अडचण आहे. मराठीतील साधे रूप फार ऐसपैस आहे. ‘मी जातो’ हे वाक्य रोजच्या जाण्याविषयी असू शकते, दारात उभे राहून निरोप घेताना उच्चारलेले असू शकते, आणि ‘उद्या मी जातो, तू थांब’ असे उद्याविषयीचेही असू शकते. ‘काय करतोस रे?’ असे आईने स्वयंपाकघरातून विचारले आणि ‘अभ्यास करतो’ असे ओसरीवरून उत्तर आले, तर ते चालू क्षणाविषयी असते. या सर्व ठिकाणी इंग्रजीतील साधा वर्तमानकाळ चालणार नाही. इंग्रजीतील हे रूपही एके काळी बरेच सैल होते. सुमारे १६०० साली लिहिल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात, पुस्तक वाचीत असलेल्या राजपुत्रास वृद्ध पोलोनियस आपण काय वाचता असे विचारतो, तेव्हा तो साधाच वर्तमानकाळ योजतो. आजचा इंग्रज तेथे निश्चितच चालू काळ वापरील. म्हणजे आमची मुले करतात त्यांतील निदान एक चूक अशी आहे की, चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये ती चूक ठरली नसती. असो.

आज इंग्रजीत या दोन रूपांची कामे वाटून दिलेली आहेत. ती समजण्यास आपल्या गावातील एक शब्द फार उपयोगी पडतो. तो म्हणजे ‘वहिवाट’. दोन शेतांमधून जाणारी वहिवाटीची वाट असते. या क्षणी तिच्यावरून कोणी चालत असो वा नसो, रात्र असो वा दिवस असो, वहिवाट ही असतेच. इंग्रजीतील साधा वर्तमानकाळ हा या वहिवाटीचा काळ आहे. ‘द पॉटर मेक्स पॉट्स’, कुंभार मडकी घडवतो, हे वाक्य कुंभार गाढ झोपेत असतानाही खरे असते. याउलट चालू वर्तमानकाळ म्हणजे त्या वाटेवरून या घटकेस कोण चालले आहे ते सांगणारा काळ होय. ‘द पॉटर इज मेकिंग अ पॉट’ हे वाक्य चाक फिरत असेतोवरच खरे. चाक थांबले की वाक्य खोटे झाले. ही घटका कधी लांबतेही. ‘ती सध्या सायकल शिकत आहे’, ‘शी इज लर्निंग टु राइड अ बायसिकल’, हे ती जेवावयास बसली असतानाही म्हणता येते, कारण येथे चालू घटका म्हणजे चालू पंधरवडा. पण ती केव्हातरी संपणारी आहे ही जाणीव त्या वाक्यात असतेच.

आता मुख्य मुद्दा. वहिवाट आणि घटका यांतील भेद मराठी मुलाला नव्याने शिकवावा लागतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः हा भेद त्याच्या जिभेवर शाळेत येण्याच्या कितीतरी आधीपासून असतो. ‘हा आंबा गोड आहे’ असे मूल हातातील आंब्याविषयी म्हणते, आणि ‘हापूस आंबा गोड असतो’ असे त्या जातीविषयी म्हणते. यात चार वर्षांचे मूलही सहसा चुकत नाही. गंमत अशी की, इंग्रजीला हा भेद येथे दाखवता येत नाही. तिला दोन्हीकडे ‘इज’च म्हणावे लागते. तेव्हा या एका बाबतीत आपली मुले इंग्रज मुलांहून अधिक काटेकोर आहेत, हे शिक्षकांनी त्यांस अवश्य सांगावे. त्याने वर्गाची मान ताठ होते.

या ‘आहे’ आणि ‘असतो’ यांचाच कसोटीसारखा उपयोग करता येतो. मराठी वाक्यातील साधे क्रियापद घ्यावे आणि त्याची दोन रूपे करून पाहावीत. ‘मी शाळेत चालत जातो’ या वाक्यात ‘जात असतो’ असे घालून अर्थ टिकला, तर ती वहिवाट झाली : ‘आय वॉक टु स्कूल’. अर्थ टिकवण्यास ‘जात आहे’ असे म्हणावे लागले, तर ती घटका झाली : ‘आय ॲम वॉकिंग टु स्कूल’. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ यात ‘फिरत असते’ हेच बसते, म्हणून साधा काळ. ‘बघ, पतंग वर जातो’ यात ‘जात असतो’ म्हणून पाहिले तर मुले हसतात. त्या हसण्यातच उत्तर आहे. ‘वडील शेतावर जात असतात’ या वाक्यातील ‘जात’ पाहून मूल चालू काळाकडे धावते; त्याने ‘जात’ न पाहता त्यापुढचा शब्द पाहावा, एवढे सांगितले की ती चूक पुष्कळ अंशी जाते. ‘मी सातारला राहतो’ अशा वाक्यात ‘राहत असतो’ हे कानाला जरा विचित्र लागते खरे, पण तेथेही ‘कायमचा’ आणि ‘सध्यापुरता’ असा प्रश्न विचारला की काम भागते. वऱ्हाड-नागपूरकडील शिक्षकांस तर याहूनही सोपे साधन उपलब्ध आहे. तिकडच्या बोलीत ‘तो काम करून राहिला’ असे म्हणतात, आणि हे रूप केवळ चालू घटकेचेच असते. तेथील वर्गात ‘करून राहिला’ म्हणजे ‘इज डूइंग’ असे सांगितले, की पुढे फारसे काही सांगावे लागत नाही. बोलीतील रूप अशुद्ध म्हणून मुलास गप्प करणारा शिक्षक आपल्या हातातील चांगले साधन फेकून देत असतो.

ही कसोटी तीन ठिकाणी मात्र फसते, आणि मुलांच्या उरलेल्या चुका बहुतेक तेथेच गोळा झालेल्या आढळतात.

पहिले ठिकाण म्हणजे ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये. मला माहीत आहे, मला हवे आहे, मला समजत आहे, मला आठवत आहे, मला दिसत आहे. या साऱ्यांत ‘आहे’ येते, म्हणून मूल ‘नोइंग, वाँटिंग, अंडरस्टँडिंग, रिमेंबरिंग’ असे लिहिते. व्याकरणाच्या पुस्तकांत अशा इंग्रजी क्रियापदांची वीस-पंचवीस शब्दांची यादी दिलेली असते आणि ती पाठ करण्यास सांगितले जाते. पाठ करावयाची आवश्यकता नाही. ती यादी मराठीने आधीच करून ठेवली आहे. जे मी करतो त्यास मराठीत ‘मी’ लागते. जे माझ्या बाबतीत होते, मनात येते, डोळ्यांस वा कानांस जाणवते, त्यास ‘मला’ लागते. इंग्रजी या दुसऱ्या प्रकारास क्रिया न मानता स्थिती मानते, आणि स्थितीला सहसा ‘-इंग’ लावीत नाही. म्हणून ‘आय नो’, ‘आय वाँट’, ‘आय अंडरस्टँड’, ‘आय लाइक मँगोज’. पुढील जोड्या फळ्यावर समोरासमोर लिहून पाहाव्यात. मला दिसते : ‘आय सी’. मी पाहत आहे : ‘आय ॲम लुकिंग’. मला ऐकू येते : ‘आय हिअर’. मी ऐकत आहे : ‘आय ॲम लिसनिंग’. मला वाटते : ‘आय थिंक’. मी विचार करत आहे : ‘आय ॲम थिंकिंग’. शेवटच्या जोडीत इंग्रजी क्रियापद एकच आहे, तरी ‘मला’ आणि ‘मी’ यांनी दोन काळ वेगळे केले. ‘माझ्याकडे पेन आहे’ यासही हेच लागू : ‘आय हॅव अ पेन’. पण ‘मी जेवण घेत आहे’ याचे ‘आय ॲम हॅविंग माय मील’ होते, कारण तेथे ‘मी’ काही करीत आहे.

हा नियम सर्वत्र चालतो असे नाही. ‘मी त्याला ओळखतो’ येथे ‘मी’ असूनही ‘आय नो हिम’ असेच म्हणावे लागते. ‘मला आता बरे वाटत आहे’ येथे ‘आय फील बेटर’ आणि ‘आय ॲम फीलिंग बेटर’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. एका परदेशी खाद्यगृहाच्या, सन २००३ पासून जगभर झळकलेल्या जाहिरातीत तर आवडीच्या क्रियापदास सरळ ‘-इंग’ लावलेले आहे, आणि चौकस विद्यार्थी ते गुरुजींच्या नजरेस आणून देतोच. जाहिरातवाले लक्ष वेधण्यासाठी मुद्दाम रीत मोडतात, असे त्यास सांगावे. आणि तो विद्यार्थी चौकस आहे, हेही त्याच्या पालकांस कळवावे.

दुसरे ठिकाण चित्रवर्णनात भेटते. चित्रात एक मुलगा झाडाखाली बसला आहे. मराठीत ‘बसत आहे’ असे आपण म्हणत नाही. ‘बसला आहे’ असे म्हणतो. मूल त्या ‘ला आहे’वरून पूर्ण वर्तमानकाळ करते आणि ‘ही हॅज सॅट’ असे लिहिते. येथे दोन भाषांची पाहण्याची जागाच वेगळी आहे. मराठी बसण्याची क्रिया पाहते, आणि ती तर केव्हाच पूर्ण झाली. इंग्रजी बसून राहणे पाहते, आणि ते अजून चालू आहे : ‘ही इज सिटिंग’. तसेच उभा आहे : ‘इज स्टँडिंग’, निजला आहे : ‘इज स्लीपिंग’, हातात छत्री धरली आहे : ‘इज होल्डिंग ॲन अम्ब्रेला’. हे समजावून देण्यास एक टोपी पुरते. शिक्षकांनी टोपी सावकाश डोक्यावर चढवीत ‘आय ॲम पुटिंग ऑन अ कॅप’ असे म्हणावे. ती नीट बसल्यावर हात खाली सोडून ‘आय ॲम वेअरिंग अ कॅप’ असे म्हणावे. मग ती काढून मेजावर ठेवावी आणि ‘आय वेअर अ कॅप’ असे म्हणावे. घालत आहे, घातली आहे, घालत असतो. तिसरे वाक्य डोके उघडे असताना म्हटले जाते, यातच साऱ्या पाठाचे मर्म आहे. (टोपी न वापरणाऱ्या शिक्षकांनी चष्मा घ्यावा. ‘ग्लासेस’ या शब्दामागे मात्र ‘अ’ येत नाही.)

तिसरे ठिकाण येण्याजाण्याचे. लांबून एस.टी.चा धुरळा दिसला की आपण ‘गाडी आली!’ असे ओरडतो. हाक आली की ‘आलो, आलो’ असे उत्तर देतो. गाडी अजून अर्ध्या मैलावर असते आणि आपण अंथरुणातच असतो, तरी मराठीत क्रिया झालेली आहे. इंग्रजीत दोन्हीकडे चालू काळ येतो : ‘द बस इज कमिंग’, ‘आय ॲम कमिंग’. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, त्याचे ‘आय कम’ करणारे मूल शब्दांत चुकले तरी संस्कारांत चुकलेले नसते. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे त्याला शिकवलेले असते. अशा वेळी रेघ ओढण्याऐवजी इंग्रज मनुष्य निघताना ‘आय ॲम गोइंग’ असे नि:शंकपणे म्हणतो, एवढे सांगावे.

‘आय ॲम प्ले’, ‘आय ॲम गो’ या चुकीचा उगम मात्र मराठीत नाही. तो आपल्या शिकवण्याच्या क्रमात आहे. पहिलीतील मूल ‘आय ॲम अ बॉय’, ‘आय ॲम सिक्स’, ‘आय ॲम फाइन’ अशी वाक्ये महिनोन्‌महिने म्हणते. त्याच्या कानास ‘आय’ हा शब्द सुटा असा क्वचितच ऐकू येतो. साहजिकच ‘आयॅम’ हा एकच शब्द असून त्याचा अर्थ ‘मी’ असा आहे, असा निष्कर्ष ते काढते, आणि पुढे त्यास क्रियापद जोडते. त्याच्या दृष्टीने ‘आयॅम प्ले’ म्हणजे ‘मी खेळतो’. हा तर्क चुकीचा असला तरी तो तर्क आहे, हे ध्यानात घ्यावे. यावर उपाय म्हणजे पहिल्या काही महिन्यांतच ‘आय लाइक’, ‘आय हॅव’, ‘आय कॅन’ अशी वाक्ये ‘आय ॲम’च्या बरोबरीने म्हणवून घ्यावीत, म्हणजे ‘आय’ सुटा होतो.

वर्गातील सरावाविषयी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तक्त्यांवर शेतकरी नांगरताना, शिक्षक शिकवताना, शिंपी शिवताना दाखवलेला असतो. या चित्रांनी दोन काळांतील भेद दिसण्याऐवजी झाकला जातो, कारण वहिवाट आणि घटका तेथे एकच झालेल्या असतात. शिंपी जेवताना, शेतकरी वर्तमानपत्र वाचताना, पोस्टमन झाडाखाली झोपलेला, अशी चित्रे मुलांकडूनच काढून घ्यावीत. मग ‘हू इज ही? व्हॉट डज ही डू?’ आणि ‘व्हॉट इज ही डूइंग नाऊ?’ या दोन प्रश्नांना दोन निराळी उत्तरे येतात. मराठीत या दोन्ही प्रश्नांस ‘तो काय करतो?’ हे एकच वाक्य पुरते, म्हणून घोटाळा होतो. एका द्विशिक्षकी शाळेत ‘व्हॉट डज युवर फादर डू?’ असे विचारले असता एका मुलीने ‘माय फादर इज स्लीपिंग’ असे उत्तर दिले आणि वर्ग खो-खो हसला. तिचे वडील साखर कारखान्यात रात्रपाळीस होते आणि सकाळी अकरा वाजता ते खरोखरच झोपलेले होते. तिचे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि खरेही होते. फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. तिच्या शिक्षिकेने वर्गास शांत केले, तो दुसरा प्रश्न फळ्यावर लिहिला, आणि त्याखाली मुलीचे वाक्य जसेच्या तसे लिहून बरोबरची खूण केली. मग पहिला प्रश्न त्याशेजारी लिहून ‘आता याचे उत्तर सांग’ असे म्हटले. मुलीने ‘ही वर्क्स इन अ फॅक्टरी’ हे वाक्य अडखळत पण पूर्ण केले. दोन काळांचा याहून चांगला पाठ आमच्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट अशी की, शिक्षक सर्वांसमोर दार उघडतात आणि ‘व्हॉट ॲम आय डूइंग?’ असे विचारतात. सर्वांना दिसत असलेली गोष्ट विचारण्यात काही अर्थ नाही, हे मुलांसही कळते. त्याऐवजी एका मुलाचे डोळे रुमालाने बांधावेत आणि दुसऱ्याने फळा पुसावा, पाणी ओतावे, कागद फाडावा. डोळे बांधलेल्याने केवळ आवाजावरून ‘आर यू टेअरिंग पेपर?’ असे विचारावयाचे. येथे प्रश्न खरा असतो, आणि उत्तर क्रिया चालू असेतोवरच मिळते. खेळ दहा मिनिटांचा आहे आणि त्यास खर्च काही नाही.

‘नाऊ’ दिसले की चालू काळ आणि ‘ऑल्वेज’ दिसले की साधा, अशी खूणगाठ काही शिक्षक बांधून देतात. तिचा आरंभी उपयोग होतो, पण ‘नाऊ आय अंडरस्टँड’ या वाक्यात ती लगेच सुटते. आणि ‘ही इज ऑल्वेज लूझिंग हिज पेन’ असेही इंग्रजीत म्हणतात. त्यात वहिवाटीपेक्षा बोलणाऱ्याचा त्रागा अधिक असतो. हे वाक्य माध्यमिक शाळेसाठी राखून ठेवावे.

वह्या तपासताना लाल रेघेच्या जोडीला समासात एक अक्षर लिहावे. ‘असतो’ची कसोटी चुकली असेल तेथे ‘अ’, ‘मला’ची असेल तेथे ‘म’, ‘बसला आहे’च्या जातीची असेल तेथे ‘ब’, येण्याजाण्याची असेल तेथे ‘य’. बरोबर रूप शिक्षकांनी वर लिहू नये. अक्षर पाहून मुलाने ते स्वतः खाली लिहावे आणि मगच बरोबरची खूण करावी. ‘आयॅम’च्या चुकीस मात्र अक्षर देऊ नये. त्या मुलास जवळ बोलावून ‘आय प्ले’ आणि ‘आय ॲम प्लेइंग’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणवून घ्यावीत, पहिले स्वस्थ उभे राहून आणि दुसरे जागच्या जागी चेंडू झेलीत.